डी ड्राइव्हमध्ये न ठेवलेलं

वीज गेली आणि टेबलाखालचा यूपीएस टीं-टीं करू लागला. आता जेमतेम पाच मिनिटं होती. तासाभरापूर्वीच न कळवता माहेरी आलेली शलाका स्वयंपाकघरातून धावत आली. बाबांच्या कॉम्प्युटरवर चार पानी मजकूर उघडा होता.

"बाबा, हे डी ड्राइव्हमध्ये ठेवलंत ना?"

"नाही."

मागे बाबांनी कुठल्याशा लिंकवर क्लिक करून व्हायरस ओढवून घेतला, तेव्हा तिनेच एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. दिवसभर काहीही करा, कॉम्प्युटर बंद झाला की सगळं पुसून पहिल्यासारखं. टिकायचं ते फक्त डी ड्राइव्हमधलं. तशी चिठ्ठीही तिने मॉनिटरवर चिकटवली होती.

"अहो, सगळं जाईल! सरका, मी सेव्ह करते."

"जाऊ दे गं. रोजच जातं." बाबा खुर्चीवरून उठेनात.

तिने त्यांच्या खांद्यावरून वाकून माउस ओढला आणि पहिली ओळ दिसली. 'चि. शलाकास अनेक आशीर्वाद. कालही तुझा फोन आला नाही.'

तिचा हात थबकला. सेव्ह करायचं सोडून ती वाचतच सुटली. दुसऱ्या पानावर पोचते तोच यूपीएसचा आवाज थांबला आणि स्क्रीन काळी झाली.

"शेवटी काय लिहिलं होतं, बाबा?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"शेवट रोज एकच असतो. तू कामात असशील, म्हणून हे पाठवत नाही."