मेलेलं तळं

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली गाडलेल्या तळ्यांतसुद्धा जंतू जगतात. पण सौदीतल्या हुफूफजवळच्या आमच्या खाऱ्या तळ्यात चार वर्षांत मला एकही सापडला नाही. त्याच 'मेलेल्या तळ्या'वर प्रबंध लिहून मी डॉक्टर इस्मत झाले.

तळ्यावर जाऊन बाटल्या भरायचं काम ड्रायव्हर उस्मानचं. दापोलीचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. पहिल्याच दिवशी लेकीला हाक मारावी तसं मला 'बाय' म्हणाला, तेव्हा मी बजावलं, मॅडम म्हणायचं. त्या उन्हात मी स्वतः कधी गाडीच्या एसीतून उतरले नाही.

विभागात नवीन आलेल्या निदाने काल स्वतः तळ्यात उतरून एक बाटली भरून आणली. आज तिच्या मायक्रोस्कोपखाली जंतूंची नुसती वळवळ. विभागप्रमुखांनी माझा प्रबंध सगळ्यांसमोर टेबलावर आपटला.

मी तडक पार्किंग गाठलं.

"काय कालवत होतास रे बाटल्यांत, हरामखोरा? इकामा रद्द करून उद्याच्या विमानाने दापोलीला पाठवीन तुला!"

उस्मान गाडीची काच पुसत होता. त्याने फडकं पिळलं, झटकलं, आरशावर वाळत घातलं.

"पहिल्या दिवशी बाटलीच्या तोंडाला माझा अंगठा लागला होता, मॅडम. तुम्ही सगळ्या स्टाफसमोर ओरडलात, 'तुझ्या हाताची घाण माझ्या पाण्यात नकोय मला.'"

"हो, मग?"



"त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीत चार थेंब ब्लीच टाकूनच झाकण लावतो."