दुसऱ्या वेळचे दिवस

नऊ वर्षं मूल झालं नाही, तेव्हा भिलाईच्या प्लांटात क्लार्क असलेल्या श्यामरावांनी बायकोला, प्रेमलाला, नागपूरच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्या इलाजानं नंदू झाला. तो तीन वर्षांचा असताना, सत्त्याऐंशी साली, कुठल्याच इलाजाशिवाय तिला पुन्हा दिवस गेले. श्यामराव ड्युटीवरून सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आले, तसं तिनं लाजत लाजत सांगितलं.

श्यामरावांचा चेहरा पडला.

"कोनाचं आहे?"

"असं कावून बोलून राहिले? नंदूचे बाप तुमीच ना?"

"नाही. माझ्यापासून मूल होऊच शकत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्याचं बीज वापरलं. तुले सांगू नका म्हणे, म्हणून मी एकट्यानंच सही केली."

आपल्या अंगात कोणा परक्याचं बीज घातलं गेलं, हे प्रेमलाला आज कळत होतं. पण पोटातलं कोणाचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डॉक्टर चुकला असन जी," ती रडत म्हणाली. "हे तुमचंच आहे."

श्यामरावांनी नंदूला उचलून छातीशी धरलं.


"हा माझा आहे," ते म्हणाले. "ते नाही."