जोखीम भत्ता

पगाराची चिठ्ठी हातात पडली आणि पूलवाली चक्रावली. बोट आली की पूल उचलायचा, गेली की टेकवायचा, हे काम ती नऊ वर्षं करत होती. पगारवाढ मागून मागून जीभ झिजली, तरी दमडी वाढली नव्हती. आज मात्र न मागता एक नवी रक्कम आली होती : जोखीम भत्ता.

ती तडक कारकुनाकडे गेली. "काम तेच, केबिन तीच. मग जोखीम कसली?"

कारकुनाने आधी दार लोटलं. "ताई, कुठे बोलू नका. मधल्या खांबाला तडा गेलाय. दुरुस्तीला पूल सहा महिने बंद ठेवावा लागेल. त्यापेक्षा भत्ता स्वस्त पडतो."

जिना चढून ती केबिनमध्ये पोचली. तिने दोन्हीकडची फाटकं पाडली, पुलावरची शेवटची सायकल पार होऊ दिली आणि पूल उचलला. दोन्ही काठांवर हॉर्नचा कल्लोळ उठला. फोन लगेच खणखणला.

"नदीत एक होडी नाही, पूल कशाला उचलला?" साहेब ओरडत होते. "आधी खाली घ्या! नोकरी जाईल!"

"जाऊ दे नोकरी, साहेब. पलीकडे फाटकाला सगळ्यात पुढे शाळेची बस उभी आहे. माझा नवरा चालवतो ती. त्या बसमधल्या कुणालाच भत्ता मिळत नाही."