सहा दुनळींचा धनी

कावळा येईना.

पांझरा नदीच्या वाळूत तोतारामआबांचा पिंड मांडून दीड तास झाला होता. बाभळीवर सात-आठ कावळे बसले होते. माना वाकड्या करून बघत होते, पण खाली एकही उतरत नव्हता. पिंडाशेजारी गादी अंथरून तिच्यावर आबांच्या सहा दुनळी बंदुका ओळीनं निजवल्या होत्या. ही कल्पना पुतण्या मोतीलालची. आबांना मुलगा नव्हता, म्हणून पिंड त्यानंच दिला होता. आबांचा जीव बंदुकांत, त्या जवळ असल्या की आत्मा लगेच निवेल, असा त्याचा तर्क. चौकीत जमा करण्याआधी त्यानं त्या एका दिवसापुरत्या ठेवून घेतल्या होत्या आणि देवपुरातल्या घरापासून मऊ दुलईत गुंडाळून गाडीतून आणल्या होत्या. दहा दिवसांपूर्वी आबांना याच वाटेनं आणलं, तेव्हा त्यांना इतकं कुणी जपलं नव्हतं.

"बंदुका देखीसन कोण येई?" ताईबाई म्हणाली. आबांची ही थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. "कावळा शे तो, कलेक्टर नही शे."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती ओळखायची आणि वचन द्यायचं. सुरुवात मोतीलालनं केली.

"आबा, तुमची एकही बंदूक विकणार नाही."

कावळा हलला नाही. त्याला मोतीलाल माहीत असावा.

मग शिकारमंडळ पुढे झालं. मंडळाचे आबा अध्यक्ष आणि मोतीलाल चिटणीस. बाकीचे चौघं आज दहाव्यालाही शिकारीचे बूट घालून आले होते. कापसाच्या जिनचे मालक भाईदासशेठ हात जोडून म्हणाले, "आबा, एकवीस सालचा तो बिबट्या! त्याचं कातडं मंडळाच्या भिंतीवर लावू. खाली तुमचं नाव, सोनेरी अक्षरांत."

कावळ्यानं पंख खाजवला.

जीवराम वकिलांनी कोर्टातला आवाज काढला. "आबा, तुमच्यामागे सातपुड्याचं रान पोरकं झालं. यंदा तुमच्या नावानं चौदा रानडुकरं पाडू."

कावळा एक फांदी वर जाऊन बसला.

ऊन चढलं. भटजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. बायकांच्या घोळक्यात मागं उभ्या असलेल्या सुगंधानं ते पाहिलं. आबांची ती एकुलती लेक. गवताच्या कावळ्यानं बापाची बोळवण करायची म्हणजे त्याला तहानलेलाच वाटेला लावायचं.

शेवटचे आठ दिवस आबांना वाचा नव्हती. ते नुसते तिच्याकडे बघत. पाणी हवं? मान हलायची, नाही. उशी सरकवू? नाही. गीता वाचू? तेव्हा तर ते डोळेच मिटून घ्यायचे. उशाशी मोतीलाल असे, सगळं मंडळ असे, पण त्यांची नजर फिरून तिच्यावरच येई. फक्त तिच्याकडेच मागावं, असं काय होतं?

शिकारीहून आलेल्या बंदुका बाराव्या वर्षापासून तीच पुसत असे. गजाला फडकं गुंडाळायचं, दोन्ही नळ्यांतून फिरवायचं, मग तेल द्यायचं. मंडळ तीन-तीन दिवस सातपुड्यात राही. गाडीभर शिकार येई, गल्लीत वाटे लागत. फडकं मात्र पांढरं निघे.

"विलायती बारूद आहे, बाळ," आबा म्हणाले होते, "काळं करत नाही."

तिला ते खरं वाटलं होतं. मग एका दसऱ्याला पाहुणा म्हणून आलेल्या मामानं हौसेनं त्यातलीच एक दुनळी हवेत उडवली. ती पुसली, तर फडकं तव्याच्या बुडासारखं काळं झालं. आबा दारात उभे राहून बघत होते. तिनं मान खाली घालून दुसरी नळी पुसली.

पुढे आणलेल्या जनावरांवर तिला गोळीची जखम कधी सापडली नाही. सापडल्या त्या बाणाच्या. जाताना गाडीत मिठाची पोती आणि धोतरजोड्या भिल्लांसाठी कशाला असतात, तेही उमगलं. आबांना बंदुका इतक्या प्याऱ्या होत्या, की त्यांच्या नळ्या मळवणं त्यांना जमलं नसावं. किंवा आवाजाची भीती वाटत असेल. तिनं विचारलं नाही. पंचवीस वर्षं ती ते पांढरंशुभ्र फडकं धुऊन दोरीवर वाळत घालत राहिली.

ती पुढे आली. मोतीलाल म्हणाला, "अक्का, आमचं सगळं सांगून झालंय." ती त्याला वळसा घालून पिंडापुढे बसली आणि काहीतरी पुटपुटली.

"जोरमा बोल, माय," ताईबाई म्हणाली. "तोतारामले आयकू येऊ दे."

"आबा," सुगंधा मोठ्यानं म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

बाभळीवरचा थोरला कावळा सरळ खाली आला. गादीवर उतरला, सहाही बंदुकांवरून टुणटुण उड्या मारत गेला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

बायकांनी हात जोडले. भटजींनी दर्भ टाकून दिला. सुगंधाचे डोळे वाहू लागले. दहा दिवसांत पहिल्यांदाच. आपण हे भर लोकांत बोलून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं ते त्यानंतर. आता प्रश्न येणार. तिनं घाबरून मागं पाहिलं.

भाईदासशेठ नदीचं पाणी न्याहाळत होते. जीवराम वकील खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. मोतीलाल दुलईची घडी घालत होता. काय सांगणार नाही, असं शिकारमंडळातल्या एकानंही विचारलं नाही.