सोबत्याचा पास

“डोळे काढून घेता आणि वर पावती देता? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

फोरमनचा आवाज छापखान्यातला होता, यंत्रांच्या खडखडाटावरून ऐकू जाणारा. फुटबॉल मैदानाच्या तिकीटखिडकीतल्या कारकुनाने काचेमागे मान मागे घेतली. काउंटरवर कानाला लावायचं एक यंत्र होतं आणि एक छापील कागद. आंधळ्या प्रेक्षकांना यापुढे सामन्याचं वर्णन यंत्रातून ऐकू येईल. सबब, सोबत्याचे मोफत पास बंद.

“आदेश वरून आलाय, काका.”

“वर म्हणजे कुठे?”

“वर म्हणजे वर.”

“मग बायकोचं तिकीट फाड. विकत घेतो.”

“तुमच्या स्टँडमध्ये विकत मिळत नाही. बाकी मैदान भरलंय. आणि तुमच्या शेजारची खुर्ची आता साहेबांच्या पाहुण्यांना दिलीय.”

“जा तुम्ही,” बायको म्हणाली. “मी थांबते इथे भिंतीशी. यंत्र माझ्यापेक्षा बरंच सांगेल.”

एके काळी हीच बाई या क्लबला सवत म्हणायची. तेव्हा फोरमनला दिसत होतं. क्लब हरला की तो जेवायचा नाही, जिंकला की घरी यायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी तो परगावच्या मैदानावर घसा फोडत होता. पुढे काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने कुरतडत नेली. छापखाना सुटला. क्लब सुटेना. म्हणून त्याने बायकोला ओढून आणलं, डोळे म्हणून.

“पिवळे पळतायत,” पहिल्या सामन्यात ती म्हणाली होती. “आता निळे पळतायत.”

“अगं, नीट सांग! चेंडू कुठंय?”

“मला काय माहीत? सगळे त्याच्याच मागे आहेत.”

ती घरी कपडे शिवायची. तिसऱ्या मोसमापर्यंत तिने सांगण्याची स्वतःची भाषा काढली. बचावफळी डावीकडून उसवली. गोलरक्षक अंगाला सैल झालाय. पास असा गेला, सुईत दोरा गेल्यासारखा. ऑफसाइडची रेघ तिला कापडावरच्या खडूच्या रेघेसारखी कळली. गोल झाला की तोंडाने सांगायच्या आधी ती त्याच्या दंडाला चिमटा काढायची. पाचव्या मोसमात ती पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली.

फोरमनचं मन मात्र केव्हाच विटलं होतं. क्लबने आधी स्ट्रायकर विकला, मग जर्सीचा रंग बदलला, मग मैदानाला एका सिमेंट कंपनीचं नाव दिलं. आता क्लब हरला तरी त्याला भूक लागायची. हे त्याने घरात बोलून दाखवलं नव्हतं. घरी बायको गॅसबद्दल बोलायची, गोळ्यांबद्दल बोलायची, नाहीतर शिवणयंत्रावर वाकून गप्प असायची. शनिवारी दुपारी मात्र दीड तास ती त्याचा दंड धरून बोलत राहायची. तो मैदानावर तेवढ्यासाठी यायचा.

यंत्र चांगलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. “चेंडू डाव्या बगलेत. अकरा क्रमांक. थ्रो-इन.” एक चूक नाही, एक शिवी नाही. शेजारच्या खुर्चीतले साहेबांचे पाहुणे फोनवर कुणाला तरी रस्ता समजावत होते. एकतिसाव्या मिनिटाला समोरच्या संघाचा गोल झाला. यंत्राने तोही सांगितला. फोरमन दंड पुढे करून बसला होता. चिमटा कुणी काढला नाही.

मध्यंतराला तो काठी टेकत बाहेर आला.

“अहो, गोल कुणाचा?” बायकोचा आवाज भिंतीकडून धावत आला. “आवाज ऐकला मी. तो आपला नव्हता. आपले ओरडले की भिंत थरथरते.”

“त्यांचा.”

“कसा?”

“डावीकडून आले. अकरा नंबर. क्रॉस. हेडर.”

“तार पाठवल्यासारखं काय सांगता? नीट सांगा की! आपला तो उंच बॅक कुठे होता?”

“मला काय माहीत?”

“पाऊण तास उन्हात उभी आहे मी. भिंतीला कान लावून लावून कानाला चुना लागलाय. आणि तुम्हाला साधं सांगता येत नाही!”

तिचा आवाज फाटला. फोरमनने हात पुढे केला तर तिचा गाल लागला. ओला होता. क्लब हरतोय म्हणून बाई रडत होती. पंचवीस वर्षांपूर्वी तो असाच रडायचा, तेव्हा ही हातात ओला पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, “कुणी मेलंय का?”

त्याने तसं विचारलं नाही. तो वळला, काठीने खिडकी शोधली आणि यंत्र काउंटरवर ठेवलं.

“बिघडलं का, काका?”

“उत्तम आहे. पासाचा अर्ज काढ. प्रेक्षकाच्या रकान्यात माझं नाव खोड, हिचं लिही. नऊ वर्षांत एक सामना चुकवला नाही हिने. मला तर या क्लबचं आता काडीचंही काही वाटत नाही.”

“अहो!” मागून बायको म्हणाली. “कधीपासून?”

“झाली सहा वर्षं. सोबत्याच्या रकान्यात मला टाक.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “पण काका, यांना तर दिसतं. यांना सोबत कशाला?”

“ऐकणारा माणूस शेजारी नसला की हिला सामना दिसत नाही. खुर्ची हिला दे, मी पायरीवर बसतो. लाव फोन वर. प्रेक्षक डोळस, सोबती आंधळा, बसतं का तुमच्या नियमात? दुसरा हाफ सुरू व्हायला आठ मिनिटं आहेत. हो की नाही, बोला!”