धुतलेली जीप

सिदू मिस्त्रीचा कान लई तयार. जुन्या जीपचं इंजिन कोणत्या सिलिंडरवर अडखळतंय, हे तो डोळे मिटून सांगायचा. पण तीच जीप विकायची असली, की गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून अडखळणं लपवायचा आणि तेल गळतं तिथं साबण दाबून बसवायचा.

"धुतली की साबण निघंल," अशीच एक जीप विकत न्यायला आलेला केजचा दलाल म्हणाला.

"दुष्काळात गाडी धुतंय कोण बे?" सिदू हसला.

महिन्याभरानं जावयाचा फोन आला.

"मामा, मनकर्णाला बाळंतपणाला तुमच्याकडं आणत होतो. आमच्या दूध सोसायटीनं केजच्या दलालाकडून घेतलेली जीप तेल सांडून माळावरच बंद पडली. मनकर्णाला कळा लागल्या, आता ती हाकेला ओ देत न्हाई."




"जीप धुतली व्हती का?" सिदूनं विचारलं.

"व्हय, सून माहेरी चालली म्हणून माझ्या आईनं प्यायच्या पाण्यानं धुऊन दिलती जीप."