वास नाही

"काका, हे यंत्र आठ दिवस बंद आहे," वृषाली म्हणाली. "मग या आठही पानांवर 'वास नाही' कुणी लिहिलं?"

लिहिलं होतं भगवंतने. अक्षर त्याचं, सही त्याची. नाही म्हणायला जागाच नव्हती. यंत्र बनवणाऱ्या कंपनीची ही इंजिनियर पोरगी आज फाटकातून आत आली तीच ओढणी नाकाला लावून.

सुरतेतल्या त्या कारखान्यात रेनकोटच्या कापडावर लेप चढायचा. लेपाची वाफ एका पोलादी टाकीतून जायची. टाकीत काचेच्या नळ्या, नळ्यांत जांभळी वीज. प्लाझ्मा म्हणायचे तिला. वाफेतलं विष ती मोडून काढायची आणि उरलेली हवा अंगणातल्या पाइपातून बाहेर पडायची. हवा तपासायचं मीटर दुरुस्तीला गेलं, तेव्हा मालक हितेशभाईंनी भगवंतला नेमलं. रोज पाइपाशी जायचं, हुंगायचं, लिहायचं. पुढे यंत्रातली तार जळाली आणि जांभळी वीज विझली. 'चालू' दाखवणारा बाहेरचा हिरवा दिवा मात्र इमानाने लागत राहिला.

माणूस कशाचा तोरा मिरवेल सांगता येत नाही. भगवंतला नाकाचा होता. बावीस वर्षांपूर्वी धुळ्याहून आला तेव्हा कुठल्या पिंपाचं झाकण उघडं आहे, हे तो फाटकातून सांगायचा. त्याच नावावर हे सावलीतलं काम मिळालं होतं. आणि ते नाक तर दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं. गोडादरा वस्तीतल्या घरी बायकोची, आनंदीची, डाळ करपली तरी तो "झकास" म्हणायचा. तिला वाटायचं, नवरा उतारवयात गुणी झाला. खरं त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

"हुंगलंच नसणार!" हितेशभाई कडाडले. "चा पीत बसले असतील आमचे भगवंतभाई, अने सही ठोकी दीधी!"

भगवंतने मनातल्या मनात तोलून पाहिलं. कामचोराला शिव्या बसतात आणि चार दिवसांनी लोक विसरतात. नाक गेलेल्याला कोण ठेवतं?

"चुकलं, शेठ," तो म्हणाला. "एकदाबी हुंगलं नाही."

अंगणात डबे उघडून बसलेले वीसेक जण खाता खाता थांबले. भगवंतचे कान तापले. इतकी वर्षं कुणी त्याला आळशी म्हटलं नव्हतं, आणि आज त्याने स्वतःच म्हणून घेतलं होतं. गाववाल्या हिलालने तर मान फिरवली. ती फिरलेली मान त्याला शेठच्या आवाजापेक्षा जास्त लागली.

"हिलाल, आजपासून तू," शेठ म्हणाले. "आत्ताच हुंगून दाखव याला!"

हिलालने पँटला हात पुसले आणि पाइपाखाली जाऊन उभा राहिला. यंत्र अजून बंदच होतं. वाफ तशीच्या तशी बाहेर येत होती. वृषाली दोन पावलं मागे सरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिलालने डोळे मिटले, दोन दमांत श्वास भरला आणि जाणकारासारखा थोडा थांबला. भगवंतने ते थांबणं ओळखलं. ते त्याचं स्वतःचंच होतं.

"नाय शेठ," हिलाल म्हणाला. "कायबी वास नाय."

"शुं वात करे छे? छगन, तू देख!"

छगन तोंडातला घास गिळत उठला. पाइपात जवळजवळ डोकं घालून हुंगला. "बराबर कहता है सेठ. एकदम साफ."

वृषालीने ओढणीआडून डबेवाल्यांकडे पाहिलं. आठ दिवस ही पंगत याच पाइपाखाली बसत होती. एकानेही तक्रार केली नव्हती. आताही जो तो आपल्या डब्यात बघत होता.

भगवंतने मान वर केली.

"शेठ, मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी रोज हुंगत होतो."